पाय कोणता ते नंतर ठरवू, ताई. आधी पॉलिसी परत करा

सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतून एका ताईंनी मुलाकडून पत्र लिहून घेतलंय. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांवर देखरेख करणारे), वय 51, मधुमेह बारा वर्षांचा. नव्या बुटाने पायाला फोड आला. दुखला नाही म्हणून कुणी बघितला नाही. जखम चिघळून काळी पडली आणि चार महिन्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शेठनी आता बसून करायचं चेकिंगचं काम दिलंय, पगार 16,000. ताईंना विड्यांचे महिन्याला चारेक हजार सुटतात. माहेरच्या जमिनीच्या वाटणीचे 9 लाख आले होते, त्यातले दीड लाख एका पॉलिसीत गेले. त्या विचारतात, “उरलेल्यातून सव्वातीन लाखांचा कार्बनचा कृत्रिम पाय घ्यावा का? पॉलिसी देणारा भाचा म्हणतो घ्या, अपघात विम्याचे पैसे येणारच आहेत.”

ताई, आत्ता घेऊ नका. पाय कापल्यावर उरलेला भाग, ज्याला डॉक्टर स्टंप म्हणतात, सुरुवातीला सुजलेला असतो आणि पुढे सहा महिने ते वर्षभर आटत जातो. आजच्या मापाचा सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोबण, काही महिन्यांत ढिला होईल, घासेल, आणि मधुमेहात घासलं की नवी जखम. पहिला पाय साधाच घ्या. शिवाय ही एकदाची खरेदी नाही. सॉकेट बदलतो, आतला मऊ मोजा, लायनर, फाटतो, तीन-पाच वर्षांत पायच नवा लागतो. सव्वातीन लाख आज घातले तर पुढच्या पायाला पैसे कुठून आणणार?

पण मला झोप लागू दिली नाही ती तुम्ही सोबत पाठवलेल्या पॉलिसीच्या फोटोंनी.

वर्षाला दीड लाख, दहा वर्षं, आणि पंधराव्या वर्षी 22 लाख ‘गॅरंटीड’. तुमच्या घरात वर्षाला येतात 2,40,000. म्हणजे हप्ते जमिनीच्या पैशातूनच जाणार, आणि पाच हप्ते आणखी भरले की ते संपले. सहा वर्षांनी हप्ता थांबला की हातात येईल ती भरल्यापेक्षा कमी रक्कम. समजा सगळे भरलेत, तरी 15 लाखांचे 22 लाख होताना व्याज पडतं पावणेचार टक्क्यांच्या आसपास. बँकेची साधी एफडी याहून बरंच जास्त देते. असली पॉलिसी मधुमेहाने पाय गेलेल्या माणसाच्या घरात विकणाऱ्याचा मला राग येतो, तो भाचा असला तरी.

दुसरा फोटो त्याहून वाईट. प्रस्ताव अर्जात ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नासमोर ‘नाही’वर खूण आहे. ‘शस्त्रक्रिया किंवा अवयव गमावला आहे का?’ तिथेही ‘नाही’. खाली मालकांची सही. खुणा भाच्याने केल्या असतील, पण कंपनी सहीच बघणार. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून पॉलिसी रद्द होऊ शकते. म्हणजे ज्या मरणासाठी विमा घेतला, तेच या वर्षांत आलं तर दावा अडकणार.

सुटका आहे. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. तुमचे वीस दिवस गेलेत. उद्याच कंपनीच्या शाखेत मालकांच्या सहीचा अर्ज द्या, पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख मागा, ईमेलही करा. अर्ज भाच्याच्या हाती देऊ नका. जितके दिवस विमा चालू होता तितक्या दिवसांचा जोखीम खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, मग पुण्यातले विमा लोकपाल आहेत. भाच्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

आता अपघात विमा. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये जातात तो पंतप्रधान सुरक्षा विमा. अपघातात एक पाय गेला तर त्यात 1 लाख मिळतात. ‘फोड बुटाने आला, म्हणजे अपघातच’ हे भाच्याचं म्हणणं टिकणार नाही. पाय मधुमेहाने गेला. तो लाख हिशेबातून आजच पुसा.

त्याऐवजी पगाराच्या पावतीवर बघा, दरमहा 120 रुपये ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, कापले जातायत. त्या पैशांच्या बदल्यात उपचार मिळतात, कृत्रिम पायही मिळतो. आजारपणाच्या रजेत 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात, आणि मधुमेहाने झालेली पायाची जखम त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे, तिथे 80 टक्के. नियमात बसता का, हे ईएसआयच्या कार्यालयात कागद घेऊन विचारा. चार महिन्यांत एकदाही कुणी हे सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. सिव्हिलमधून दिव्यांग प्रमाणपत्रही काढा, एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत मिळते. जयपूर फूट देणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती पाय मोफत बसवते. तो रबराचा पाय आपल्याकडच्या राहणीसाठीच घडवला होता, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं.

खरी जपायची गोष्ट म्हणजे उजवा पाय. साखर आणि रक्तवाहिन्या त्याच आहेत, आणि एक पाय गेलेल्याचा दुसराही जाण्याचा धोका मोठा असतो. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून भेगा, फोड बघा. एमसीआरची, म्हणजे मऊ रबराच्या तळव्याची, चप्पल घ्या, घरातही घालायची. उन्हाळ्यात सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय नको, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. मालक विडी ओढत असतील तर ती बंद. शिरा त्यानेच आकसतात. आणि व्यायामाला फिजिओकडे आत्ताच न्या. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपले तर गुडघा वाकडाच आखडतो आणि मग कुठलाच पाय नीट बसत नाही.

पॉलिसीचे पैसे आले की 9 लाख धरून चला, थोडे कमी असतील. 5 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, तुमच्या नावाने, कारण जमीन तुमच्या माहेरची. महिन्याला सुमारे 3,000 येतील. अडीच लाख उपचारांसाठी एफडीत, लागले तर तोडता येतील असे. दीड लाख पायासाठी, दोन वर्षांत थोडे थोडे खर्च करायचे. कार्बनचा पाय हवाच असेल तर स्टंप स्थिरावल्यावर आणि मालक साध्या पायावर दिवसभर कारखान्यात वावरू लागल्यावर मला पुन्हा लिहा, तेव्हा भाव आणि गरज दोन्ही बघू.