वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारींची प्लास्टिक किट्स

प्रश्न : वडिलांच्या मामांनी अमेरिकेहून आणलेले ‘एएमटी’ कंपनीचे एक न जोडलेले किट माळ्यावर सापडले. खोक्यावर ‘१९५७ शेवरोले बेल एअर’ असे छापले आहे. हे किट १९५७ सालचे समजावे का? ते जोडावे की तसेच जपून ठेवावे? (पुणे)

उत्तर : खोक्यावरचे साल मोटारीचे असते, किटचे नव्हे. आपल्या बाबतीत तर ते किट १९५७ सालचे असूच शकत नाही. एएमटी ही मिशिगन राज्यातली कंपनी सुरुवातीला मोटारविक्रेत्यांच्या दालनांसाठी जोडून तयार असलेल्या छोट्या प्रतिकृती बनवीत असे, आणि ग्राहकाने स्वतः जोडायची १:२५ प्रमाणातली किट्स तिने १९५८ च्या मोटारींपासून सुरू केली. एकाच खोक्यातल्या भागांतून मूळ मोटार, सजवलेली मोटार किंवा शर्यतीची मोटार यांपैकी हवी ती करता येई, हे त्यांचे मोठे आकर्षण होते. १९५७ ची बेल एअर कंपनीने पुढे साठच्या दशकात काढली, आणि त्यानंतर ती इतक्या वेळा पुन्हा बाजारात आली की नुसत्या नावावरून तिचे वय सांगता येत नाही.

त्यासाठी खोक्याच्या कडेवरचा बारीक मजकूर वाचावा. तिथे फक्त एएमटी आणि ट्रॉय, मिशिगन एवढेच असेल, तर किट बहुधा जुन्या काळातले आहे. एएमटी पुढे एकामागून एक इतर कंपन्यांच्या हाती गेली, आणि त्यांच्या नावांवरून काळ कळतो. ‘लेस्नी’ हे नाव असेल तर ते १९७८ किंवा त्यानंतरचे. ‘एर्टल’ आणि आयोवातले डायर्सव्हिल असेल तर ऐंशीच्या दशकातले किंवा त्यापुढचे. आणि ‘राउंड टू’ असेल तर ते चालू शतकातले. खोक्यावरच्या चित्रावर मात्र विसंबू नये, कारण अलीकडच्या आवृत्त्यांवर मुद्दाम जुनीच चित्रे छापली जातात. वरचे पारदर्शक वेष्टण शाबूत असणे हाही पुरावा नव्हे. तसे वेष्टण कोणत्याही दुकानात नव्याने चढवून मिळते.

खरी दुर्मिळता असते ती त्या-त्या वर्षी निघालेल्या वार्षिक किट्सची. डेट्रॉइटच्या कंपन्या दरवर्षी मोटारीचा पुढचा-मागचा चेहरा बदलत आणि किटवाले तोच पोलादी साचा कोरून-भरून नव्या वर्षाच्या मोटारीसाठी वापरत, त्यामुळे आदल्या वर्षीची बॉडी त्या साच्यातून पुन्हा निघणे शक्य राहत नसे. असे किट पूर्ण आणि न उघडलेले हाती आले, तर मी ते जोडणार नाही. बेल एअरचे तसे नाही. मजकुरावरून ती नंतरची आवृत्ती ठरली तर सूचनापत्रक समोर ठेवून सगळे भाग मोजा, आणि खुशाल जोडायला बसा. जे किट उद्याही विकत मिळू शकते ते माळ्यावर सांभाळण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

प्रश्न : कपाटात ठेवलेल्या किटचे टायर चाकांना आणि काचांना चिकटून बसले असून तिथले प्लास्टिक वितळल्यासारखे दिसते. उन्हामुळे असे झाले का? डिकलही (पाण्यात भिजवून मॉडेलवर चढवायची छापील चित्रे) पिवळी पडून कागदाला चिकटली आहेत. (रत्नागिरी)

उत्तर : ऊन नव्हे, दोष टायरांचा आहे. जुन्या किट्समधले बरेच टायर मऊ व्हिनाइलचे असतात, आणि व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडते. किटचे बाकीचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. हे द्रव्य पॉलिस्टायरीनला लागले की ते प्लास्टिक मऊ होते आणि त्यावर टायरचा ठसा उमटतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते, पण थंड अंधाऱ्या कपाटातही ती थांबत नाही. म्हणून किट घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे टायर काढून वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवणे. पॉलिथिनवर त्या द्रव्याचा परिणाम होत नाही. जोडलेल्या मोटारीत चाक आणि टायर यांच्यामध्ये स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची पातळ पट्टी घालावी. चाकावर पडलेला खड्डा पुटीने भरता येतो, काच मात्र गेली ती गेली. अगदी वरवरचा डाग असेल तरच बारीक पॉलिश पेपरने घासून पाहावी.

डिकलचा पिवळेपणा घालवायला त्यांचा अख्खा कागद पारदर्शक, हवाबंद पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवावा. काही दिवसांच्या उन्हाने तो बराच उतरतो. जुने डिकल पाण्यात टाकताच तुकडे होण्याचा धोका असतो, म्हणून आधी त्यावर पारदर्शक लॅकरचा हलका थर फवारावा, आणि मग प्रत्येक डिकल कडेलगत वेगळे कापावे, कारण लॅकरमुळे सगळा कागद एकसंध झालेला असतो. कागदाला चिकटलेले डिकल ओढू नये. कोकणातल्या दमट हवेत डिकलचा डिंक ओल धरतो, त्यामुळे डिकलचा कागद सूचनापत्रकाशेजारी न ठेवता मेणकागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. पावसाळ्यात रंगकामही टाळावे. दमट हवेत फवारलेल्या लॅकरवर पांढुरकी झाक येते.

प्रश्न : काकांनी लहानपणी जोडलेली आणि ब्रशने जाड रंगवलेली एक मोटार मिळाली आहे. ती सोडवून पुन्हा करता येईल का? (नागपूर)

उत्तर : बहुतेक वेळा येते. आधी ती पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. लहान मुले ट्यूबमधला गोंद सढळ हाताने लावतात. तो गारव्याने ठिसूळ होतो आणि सांधे हलक्या पिळाने सुटतात. जिथे गोंदाने प्लास्टिकच विरघळून एक झाले असेल तिथे जोर करू नका, बारीक करवतीने कापा. रंग काढायला थिनर किंवा अॅसिटोन चुकूनही वापरू नका, त्यांत बॉडीच विरघळेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुरुवात करा; जुना एनॅमल त्याला दाद देत नसेल तर गाडीचे ब्रेक ऑइल हातमोजे घालून वापरा, पण आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर पाहा. क्रोमचा मुलामा साध्या घरगुती ब्लीचमध्ये निघून जातो. ते काम हवेशीर जागी करा आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नका. मात्र काढलेले क्रोम घरी पुन्हा तसे चढत नाही, तेव्हा ते बरे असेल तर राहू द्या.

प्रश्न : १:२४ आणि १:२५ ही मॉडेल्स एका फळीवर शोभतील का? (ठाणे)

उत्तर : पाच मीटर लांबीची मोटार १:२५ मध्ये २० सेंटिमीटरची होते आणि १:२४ मध्ये सुमारे २०.८ सेंटिमीटरची. फळीवर हा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही. सुटे भाग अदलाबदल करताना तो जाणवतो : मोनोग्राम या दुसऱ्या किट कंपनीचे १:२४ मधले इंजिन एएमटीच्या बॉनेटखाली बसवायचे असेल तर गोंद लावण्याआधी ते नुसते ठेवून, बॉनेट मिटते का ते पाहावे.