शेतीतून धान्याशिवाय काय निघते?

शेती म्हणजे काय आणि तिच्यातून धान्याखेरीज काय निघते, असे आपण विचारले आहे. कापूस, रेशीम, दूध, लोकर ही उत्तरे आपल्याला कोठेही मिळतील, म्हणून मी कडब्याविषयी, म्हणजे कणसे काढून घेतल्यावर उरणाऱ्या ज्वारीच्या वाळलेल्या ताटांविषयी लिहितो.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागात काळ्या, खोल रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी बहुतेक मुरलेल्या ओलीवरच निघते. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा कौतुक झाले ते दाण्याचे. परंतु मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी 35-1 हे वाण, पुढे कितीही नवी वाणे आली तरी, शेतकऱ्यांनी सोडले नाही, याला दाण्याइतकाच त्याचा उंच ताटाचा कडबा कारण आहे.

आमच्या धाकट्या चुलत्यांच्या मते ज्वारी हे तोट्याचे पीक आहे. वाटणीत विहिरीचे रान त्यांच्याकडे गेले, त्यांनी ऊस लावला, आणि प्रत्येक लग्नकार्यात ते मला एकरी पोती व बाजारभाव यांचा गुणाकार करून दाखवू लागले. त्यात कडबा कधीच नसे. 2018-19 च्या दुष्काळात विहीर आटली, ऊस वाळला, तालुक्यात चारा छावण्या उघडल्या. छावणीत म्हशी बांधणे काकांना कमीपणाचे वाटले, म्हणून ते माझ्या गंजीचा कडबा न्यायला आले. शेकड्याचा, म्हणजे शंभर पेंढ्यांचा, भाव मी बाजाराचाच लावला, घरचा माणूस म्हणून गाडीभाडे तेवढे सोसले. त्या वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचे पैसे जास्त झाले. पुढच्या लग्नात काकांनी तोच गुणाकार पुन्हा मांडला, आणि तोही कडबा वगळून.

तेव्हा अमुक पीक परवडत नाही असे कोणी सांगितले, तर ताटे, भुसकट आणि शेण हिशोबात कोठे धरले, हे आपण आधी विचारावे. कडबा गोठ्यात जातो, त्याचे दूध होते, शेण रानात परतते. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा भाग, जनावरे खातात हे खरे, पण रस काढून उरलेले चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते आणि मळीचा मद्यार्क होतो. त्यातले गोठ्यात फारसे काही येत नाही.

अर्थात ज्वारी उपटून पेंढ्या बांधायला हल्ली मजूर मिळत नाहीत, आणि खरिपातल्या संकरित ज्वारीच्या कडब्याला असा भाव येत नाही. ज्याच्या दारात जनावर नाही आणि जवळ कडब्याचा बाजारही नाही, त्याच्यापुरता काकांचा गुणाकार बरोबर ठरेल. काकांच्या दारात मात्र म्हशी आहेत.