सर्व्हिसची धास्ती वाटत असताना इलेक्ट्रिक कार घ्यावी का?
तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, रोज ६० किलोमीटर ये-जा आहे आणि घरी स्वतःचं पार्किंग आहे; म्हणजे तुमची गरज ईव्हीला (इलेक्ट्रिक कारला) अगदी जुळते. इंजिन ऑइल, क्लच ही कटकटच नाही. बॅटरीवर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात; अटी मात्र लेखी वाचा.

खरी अडचण ईव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणकार माणसांची आहे. शोरूमवाल्याला विचारू नका, थेट वर्कशॉपमध्ये जा. हाय-व्होल्टेजचं (म्हणजे मोठी बॅटरी, मोटर यांचं) काम करणारा मेकॅनिक तिथेच आहे, की गाडी टो करून पुण्याला न्यावी लागते? सर्व्हिस झालेली आपली गाडी परत न्यायला आलेल्या दोन-चार मालकांशीही बोला. बऱ्याचदा गाडी चालवणारी मोठी बॅटरी ठणठणीत असते आणि ईव्हीत वेगळी असणारी साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरल्यामुळे गाडी अडते.

घरात ही एकमेव गाडी असेल आणि मेकॅनिक पुण्यालाच असेल, तर मी तूर्त थांबेन. दुसरी गाडी असेल तर बिनधास्त घ्या.