बुटाची नाडी बुटातच राहू द्या

प्रश्न : ताई, आम्ही चौघे मित्र डोंगरात भटकतो. मागच्या खेपेला एकाची पोटरी दगडाने खोल चिरली आणि प्रथमोपचाराची पेटी नेमकी गाडीत. कुणी म्हणे कमरेचा पट्टा आवळा, कुणी म्हणे बुटाची नाडी. सॅनिटरी पॅड लावला तर चालतो का?

उत्तर : अपघात विभागात माझी पंचवीस वर्षं गेली. नाडी बांधून आलेला एक हात अजून डोळ्यांसमोर आहे. नाडी मांसात रुतलेली, पंजा जांभळा नि टम्म फुगलेला, आणि जखम आधीपेक्षा जोरात वाहतेय. वरच्या शिरा दबल्या होत्या, आतली धमनी चालूच होती. हातात उतरलेल्या रक्ताला परतीची वाट नाही, मग ते जखमेतूनच येणार. जखम दाबून धरली, नाडी कापली, तेव्हा कुठे थांबलं.

म्हणून वस्तू शोधत बसण्याआधी हात लावा. टी-शर्ट, ओढणी, त्यातल्या त्यात स्वच्छ असेल ते. हातापायाच्या खोल जखमेत कापड बोटाने ठासून भरा (छाती-पोटाच्या जखमेत मात्र काही कोंबू नका) आणि कोपर ताठ ठेवून तळव्यांनी निदान दहा मिनिटं दाबा. मध्येच उचलून बघायचा मोह होतो. मलाही व्हायचा. पॅड रक्त पितो, थांबवत नाही. वापरलात तरी वरून दाब हवाच. काही रुतलं असेल तर उपसू नका, त्याच्या कडेने दाबा.

एवढं करूनही हातापायातून रक्त उसळत असेल तरच टूर्निकेट, म्हणजे रक्ताची वाटच बंद करणारा घट्ट बंध. कापडाची दोन इंच रुंद घडी, जखमेच्या तीन-चार बोटं वर, सांध्यावर नाही. गाठीत दांडा अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. पेन्सिल मोडते, पाना चालतो. पट्टा कडक असतो, पिळलाच जात नाही. माणूस कळवळेल, शिव्या घालेल. तरी सैल करायचं नाही. दांडा बांधून टाका, बांधल्याची वेळ पेनाने त्याच्या कपाळावर लिहा आणि थेट रुग्णालय गाठा.

हाड मोडलं असेल तर गुंडाळलेलं जाडजूड मासिक पुरतं, फक्त वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले पाहिजेत. बांधल्यावर नख दाबून सोडा. दोन-तीन सेकंदांत रंग परतला नाही, तर ही गाठ मात्र सैल करा.