“सांगितलं असतंस तर केलं असतं”

ताई,

तुमचं पत्र रात्री पावणेदोनला लिहिलेलं. त्यावरूनच दिवस कसा जात असेल ते कळलं. दोन लहान मुलं, नोकरी, जर्मनीतला हिवाळा, आणि काहीही राहिलं की नवऱ्याचं ठरलेलं वाक्य: “सांगितलं असतंस तर केलं असतं.” तो हे मनापासूनच म्हणत असणार. पण आठवण ठेवून सांगणं हेच तर सगळ्यात दमवणारं काम आहे. डबा भरायला दहा मिनिटं पुरतात. किटाची (पाळणाघर-बालवाडीची) सहल, संपत आलेलं औषध, आखूड झालेली पँट हे सगळं डोक्यात वागवणं चोवीस तास चालतं.

भारतातल्या २०१९च्या सरकारी पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, तर पुरुष ९७. तेही चौघांतल्या जेमतेम एका पुरुषाने पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावलेला. आपण याच घरांतून आलो. तिथे निदान सासू, मावशी, शेजारची काकू यांच्यात काम वाटलं जायचं. इथे ती माणसं नाहीत, काम मात्र तेवढंच आहे.

म्हणून ‘जरा मदत कर’ हे म्हणणं सोडा. एक अख्खं काम त्याच्याकडे द्या. मी तुमच्या जागी असते तर मुलांचं आजारपण दिलं असतं: डॉक्टरची वेळ घेणं, किटाला कळवणं, औषध आणणं, घरी थांबणं, सगळं. सरकारी आरोग्य विमा असेल तर आजारी मुलासाठी रजेचे पैसे आईसारखेच बाबालाही मिळतात. २०२४पासून प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला वर्षाला १५ दिवस. ते बाबांचे दिवस कितीतरी घरांत पडूनच राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

काम दिलं की मागे उभं राहू नका. औषधाचं प्रमाण एकदा नीट दाखवा, बाकी त्याच्या पद्धतीने होऊ द्या. “हे कुठे असतं गं?” असा आवाज आला तरी उठू नका. पहिले काही आठवडे तुम्हालाच जास्त जड जातील.

आई येणार आहेत, मग सुटेन, असं लिहिलंय. जरूर येऊ दे. पण पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं, आणि त्याही आता साठी ओलांडलेल्या. वाटणी त्या येण्याआधी करा, नाहीतर त्या परतल्या की पुन्हा पहिले पाढे.

आणखी एक, हे आपल्याकडच्या फार कमी जणींना ठाऊक असतं: ‘मुटर-किंड-कूर’. थकून गेलेल्या आईला मुलांसह साधारण तीन आठवडे उपचार आणि विश्रांती; डॉक्टरांनी गरज लिहून दिली की क्रांकनकासेकडे (आरोग्य विमा संस्थेकडे) अर्ज करता येतो. पहिला अर्ज नाकारला गेला तर हरकत घेता येते, घ्याच.

याच आठवड्यात हाउसआर्झ्टची (फॅमिली डॉक्टरची) वेळ घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायला सांगा. मुलं झोपल्यावरही झोप लागत नाही, उगाच रडू येतं, हे मला लिहिलंत तसंच्या तसं त्यांनाही सांगा. आणि त्या दिवशी मुलांना नवऱ्याकडे ठेवून एकट्याच जा.