जतन केलेल्या ऊतकांत विषाणूंचा शोध: पीसीआरचा वर्ग पुरेल का?

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपली कन्या ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असून जतन केलेल्या ऊतकांत विषाणू शोधण्याच्या कामाचा तिने ध्यास घेतला आहे. त्यासाठी पीसीआरचा (जनुकीय द्रव्याच्या अंशाच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याच्या तंत्राचा) अल्पमुदतीचा वर्ग पुरेल का, असे आपण विचारता. माझ्या मते तो पुरणार नाही.

पीसीआरचे यंत्र चालवणे हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ऊतक ज्यात बुडवून ठेवतात ते फॉर्मालिनचे द्रावण ऊतक टिकवते, परंतु त्यातील प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले (डीएनए, आरएनए) एकमेकांना जखडून टाकते आणि आरएनएचे तुकडे होतात. त्यामुळे पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतकाच्या जुन्या ठोकळ्यात आरएनएचे लांब पट्टे सापडत नाहीत, आखूड तुकड्यांवरच भागवावे लागते. १९१८ साली इन्फ्लुएंझाने दगावलेल्या अमेरिकन सैनिकाच्या फुप्फुसाच्या ठोकळ्यातून जेफ्री टॉबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्या विषाणूच्या जनुकांचे जे अंश वाचले, ते असेच आखूड होते. ठोकळे कापताना दर नमुन्यामागे मायक्रोटोमचे (पातळ काप घेणाऱ्या यंत्राचे) पाते बदलले नाही, तर एकाचा विषाणू दुसऱ्यात दिसतो. आणि विषाणू सापडला नाही, तर त्याच नमुन्यात माणसाचे एखादे जनुक तरी सापडते का हे पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणता येत नाही. शिवाय विषाणू नेमका कोणत्या पेशीत आहे, हे नेहमीचे पीसीआर सांगत नाही. त्यासाठी ३ ते ५ मायक्रॉन जाडीच्या कापावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांनी विषाणूची प्रथिने रंगवून दाखवणे) किंवा इन सिटू हायब्रिडायझेशन (विषाणूचे जनुकीय द्रव्य पेशीतच जागेवर ओळखणे) करावे लागते.

म्हणून तिने आधी ऊतकाचे काप घेणे व ते रंगवणे शिकावे. पुढे एम.एस्सी. व्हायरॉलॉजीसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, आणि नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास ग्वाल्हेरमध्येच डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत संशोधनछात्र म्हणून संधी मिळू शकते. मात्र रुग्णाच्या ऊतकाच्या निदानावर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच असते. तिचे स्थान प्रयोगशाळेत व संशोधनात राहील, हे तिने आताच समजून घ्यावे.

संसर्गाची जी भीती आपण व्यक्त केली आहे, ती नीट फॉर्मालिन मुरलेल्या नमुन्यांबाबत फारशी खरी नाही. जपायचे ते फॉर्मालिनच्या वाफांपासून.

येत्या सुट्टीत गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञांचे काम काही दिवस पाहण्याची परवानगी मागावी, आणि तो अर्ज आपण न लिहिता मुलीलाच लिहू द्यावा.