चोपड्याहून वेळास: शनिवार-रविवारात कासवं दिसतील का?

भाऊ, तुमचा बेत असा: शुक्रवारी रात्री चोपड्याहून गाडी काढायची, शनिवार-रविवार कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं पाहायची, सोमवारी ड्युटीवर हजर. सोबत आई आणि दोन पोरं. गाडी पोचेल हो. पिल्लं दिसतीलच असं नाही.

मी पहिल्यांदा हेच केलं. जळगाव, संभाजीनगर, पुणे, ताम्हिणी, माणगाव, मग बागमांडल्याला जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) गाडी चढवून खाडीपलीकडे वेश्वी. सहाशेच्या आसपास किलोमीटर. शनिवारी संध्याकाळी पुरलेल्या अंड्यांवर झाकलेली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. रविवारी सकाळीही तेच. नाश्ता करून निघालो. रात्री संभाजीनगरच्या अलीकडे ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचा फोन, आज संध्याकाळी चाळीसेक निघाली! घर येईस्तोवर बायको माझ्याशी बोलली नाही.

चूक माझीच. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत समुद्रात. कुत्री-कोल्ही उकरतात म्हणून कासवमित्र ती अंडी कुंपणात आणून तितक्याच खोल पुरतात, वर तारखेची पाटी. पिल्लं निघायला साधारण 45 ते 60 दिवस. वाळू तापलेली असली की लवकर, गार असली की उशिरा. (नर की मादी हेही त्या उबेवरच ठरतं, जास्त तापली तर माद्या जास्त.) म्हणजे पंधरा दिवस इकडे-तिकडे. त्यात तुमचा रविवार कुठे बसवणार?

म्हणून सुट्टी पाहून बुकिंग करू नका. फेब्रुवारी अखेर ते एप्रिलची सुरुवात एवढं धरून ठेवा. निघायच्या दोन दिवस आधी, ज्यांच्या घरी उतरणार त्या घरमालकांना फोन करून विचारा, पन्नास दिवस ओलांडलेली घरटी किती आहेत? दोन-तीन असतील तरच निघा, आणि दोन संध्याकाळी, दोन सकाळी हातात ठेवा. सोमवार-मंगळवारची रजा टाकाच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे कासवांचं संवर्धन सुरू केलं, 2006 पासून कासव महोत्सव. गावाला आता पाहुण्यांची सवय आहे.

दुसऱ्या खेपेला दिसली. टोपलीखालची वाळू मधोमध जरा खचलेली होती. तिथून एक काळं नाक वर आलं, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग एकदम आठ-दहा, एकमेकांच्या पाठीवर चढत. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, दोरीमागे आपण. एक पिल्लू लाटेपाशी पोचलं की लाट त्याला उलटं मागे फेकायची. चार वेळा. माझा पोरगा "पप्पा, उचलून टाकू ना" म्हणून रडकुंडीला आलेला. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, यावर तिथली माणसं कडक आहेत, आणि बरोबरच आहेत.

जेवण घरगुती, साधं, छान. शेवभाजीची अपेक्षा नको. ठेच्याची डबी घेऊन जा. आपलं ऊन भाजतं, तिथलं शिजवतं, सुती कपडे घाला.

आईंचं मात्र बघा. गावातून किनाऱ्यापर्यंत बऱ्यापैकी पायी जावं लागतं, वाळूत गुडघे बोलतात. आम्ही माझ्या आईसाठी घडीचं स्टूल नेलं होतं. तिला सगळ्यात पुढे बसायला मिळालं.